नवे फादर आलेत, त्यांना घरं फिरू द्या

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका, एवढी विनंती. विषय चर्चचा आहे. काही जण पहिल्या ओळीलाच गरम होतील, त्यांनी तर जरूर शेवटपर्यंत वाचावं.

गेल्या रविवारी आमच्या गावच्या चर्चमध्ये नवे फादर रुजू झाले. जून महिना, शाळा उघडायच्या तोंडावर. चर्चमधल्या बदल्या साधारण याच दिवसांत होतात. आत मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, आणि बाहेर आवारात सत्काराचा मंडप. रात्री पाऊस झाला होता. मंडपाचं एक टोक पाण्याने खाली आलं होतं आणि साऊंडवाल्याची माईकशी झटापट चालू होती. पुढच्या तीन रांगांत आम्ही मंडळी: दोन माजी नगरसेवक, एक भावी (हे पद आमच्याकडे कधीच रिकामं नसतं), पालक संघाचे लोक, एक बिल्डर, तीन पत्रकार. शाल, श्रीफळ, गुच्छ. जी माणसं दर रविवारी त्या चर्चमध्ये येतात ती मागे उभी होती. वस्तीवरच्या बायका तर थेट गेटजवळच्या लिंबाखाली.

सहा भाषणं झाली. त्यातली चार शाळेवर. "आमच्या प्रभागातल्या लेकरांकडे जरा लक्ष असू द्या फादर," असं एक जण म्हणाले आणि सगळे हसले, कारण अर्थ सगळ्यांना कळला. ॲडमिशन! फादरांना गावात येऊन एक रात्र झाली होती, निम्मं सामान अजून टेम्पोत होतं, आणि त्यांच्या खिशात चार चिठ्ठ्या पडल्या होत्या. मी डोळ्यांनी पाहिल्या.

मला एकच गोष्ट मांडायची आहे. नव्या फादरांना पहिलं वर्ष घरं फिरू द्या. ॲडमिशनच्या टेबलाला, फिती कापण्याला आणि बांधकामाला त्यांना जुंपू नका. आणि ते कुणाच्या घरी गेले तर त्याची बातमी करू नका. हे शेवटचं वाक्य मी आधी स्वतःला सुनावतोय. का, ते पुढे सांगतो.

मी ख्रिस्ती नाही. पण वीसेक वर्षं बातमीच्या निमित्ताने या आवारात जाणं-येणं आहे, आणि गावातल्या बहुतेकांना तिथला कारभार माहीत नसतो म्हणून थोडं सांगतो. कॅथलिक फादर गावाने नेमलेला नसतो, वारशाने आलेला नसतो, निवडूनही येत नाही. बिशप नेमतात आणि बिशपच बदलतात. एका चर्चच्या हद्दीतली सगळी कॅथलिक कुटुंबं मिळून जे होतं त्याला ते धर्मग्राम म्हणतात, आणि अशा धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत. आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा निघाला. नाशिक, नगर (आता अहिल्यानगर), धुळे, जळगाव, नंदुरबार असे पाच जिल्हे त्यात येतात. म्हणजे एखाद्या फादरची बदली श्रीरामपूरच्या उसातून थेट सातपुड्याच्या पायथ्याला होऊ शकते, जिथे घरात भिली नाहीतर पावरी बोलतात.

बदली बिशपांनाही चुकत नाही. पहिले बिशप थॉमस भालेराव, आडनावावरूनच कळतं की माणूस आपल्या मातीतला. ते वीस वर्षं राहिले. त्यांच्यानंतरचे फेलिक्स मच्याडो मूळ वसईचे, व्हॅटिकनमध्ये काम केलेले. जेमतेम दोन वर्षांत त्यांना वसईला पाठवलं. मग अमरावतीहून लुर्ड्स डॅनियल आले. साध्या फादरांचं तर काय, पाच-सहा वर्षं झाली की बॅग भरायची. ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे संस्थेची खुर्ची एकदा मिळाली की नातवापर्यंत सुटत नाही, हे आपण रोज बघतो. ज्या माणसाला आपली कपाटं सहा वर्षांनी दुसऱ्याच्या हवाली करायची आहेत तो जरा जपूनच मालक होतो. पण याची एक किंमत असते, आणि ती रविवारी माझ्या डोळ्यांसमोर मोजली गेली.

बिशपांच्या वतीने आलेल्या ज्येष्ठ फादरांनी नेमणुकीचं पत्र वाचलं. नव्या फादरांनी सगळ्यांसमोर आपली श्रद्धा जाहीर केली, शपथ घेतली. मग चर्चच्या किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या. जुने फादर शेजारी उभे होते. त्यांनी जुडग्यातली एक किल्ली वेगळी धरून नव्या फादरांच्या कानात काहीतरी सांगितलं. नंतर विचारलं तेव्हा कळलं, मागच्या दाराचं कुलूप आहे, किल्ली अर्धी फिरवून जरा वर उचलावी लागते. झालं. सहा वर्षांच्या माहितीतली एवढीच अशी हातोहात गेली. बाकीची जुन्या फादरांबरोबर दुपारी टेम्पोत बसून पुढच्या गावाला गेली.

बाकीची म्हणजे कोणती? कोणत्या घरात दारू शिरली आहे. कोणत्या घरातली मुलगी बारावीनंतर बसून आहे. कोणते दोन भाऊ एकाच बाकावर बसतात पण नऊ वर्षं बोलत नाहीत. कोणती म्हातारी "सगळं बरं आहे" म्हणते तेव्हा काहीच बरं नसतं. हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नसतं आणि लिहूही नये. ते पायांनी गोळा करावं लागतं, आणि दर नव्या फादराला पहिल्यापासून.

कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा आहे, आत्ताचा १९८३ चा. एकूण कलमं १७५२. एका फादरांनी मला त्यातलं ५२९ वं कलम समजावून सांगितलं होतं. धर्मग्रामाच्या प्रमुखाने आपल्या माणसांना ओळखलं पाहिजे, आणि त्यासाठी घरोघर गेलं पाहिजे, त्यांच्या काळज्या आणि दुःखं वाटून घेतली पाहिजेत, असा त्याचा आशय. आजारी आणि मरणाला टेकलेल्यांजवळ जा. गरीब, एकटे पडलेले, आपला मुलूख सोडून आलेले, यांच्याकडे जास्त लक्ष द्या. मुलूख सोडून आलेले म्हटल्यावर मला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर आलेली लांबच्या राज्यांतली पोरं आठवली, दहा-दहा जण एका खोलीत राहणारी. त्यांच्यातही चर्च शोधत येणारी असतात. एवढ्या साध्या भाषेत कामाचं स्वरूप सांगणारा नियम आपल्या नगरपालिकेच्या कायद्यात असता तर बरं झालं असतं. असो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, पोप झाल्यावर पंधरा-वीस दिवसांतच, फादर लोकांना सांगितलं होतं की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास आला पाहिजे. आपल्या सिन्नर भागातल्या धनगरांना यात नवीन काय, असं वाटेल. पण इस्त्रीचा पांढरा झगा घालून ऑफिसात बसलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, आणि त्याला ऑफिसात बसवणारे आपण आहोत.

आता शाळेचं. शाळा वाईट नाहीत, उलट. माझी मुलगी तिथेच शिकते आणि एकदा चिठ्ठी मीही दिलेली आहे, तेव्हा मी काही वेगळा नाही. पण होतं काय, की अनेक ठिकाणी फादरच शाळेचा व्यवस्थापक, कधी मुख्याध्यापकही. जूनमध्ये ॲडमिशन, मग फीच्या तक्रारी, शिक्षणाधिकारी कार्यालयाचे खेटे, बसचा परवाना, कुणाच्या मुलाने कुणाला मारलं. संध्याकाळी सहाला माणूस मोकळा होतो तेव्हा वस्तीवर जायचे पाय उरलेले नसतात. गावाच्या लेखी फादर म्हणजे इंग्रजी शाळेचा दरवाजा. त्या दरवाजाच्या आत एक धर्मगुरू आहे, हे आपल्याला फक्त २५ डिसेंबरला आठवतं, तेसुद्धा केक आला की.

दुसरं, बांधकाम. हे मी चर्चच्या लोकांनाच म्हणतो. नवे फादर आले की सहा महिन्यांत काहीतरी फोडायला निघतं. कुणी मारियामातेचा ग्रोटो बांधतं, कुणी कंपाउंड, कुणी पेव्हर ब्लॉक. जुन्यांनी लावलेली फरशी नवे काढतात. त्यांचा तरी काय दोष? बांधकाम दिसतं, फोटो निघतो, कोनशिलेवर नाव राहतं. आजीच्या खाटेशी अर्धा तास बसलं त्याची कोनशिला कुठे लावणार? माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या वर्षी एक वीटही लावू नये. छत गळत असेल तर गोष्ट वेगळी, ते आजच दुरुस्त करा, पावसाळा आहे.

आणि तिसरं आपण, म्हणजे बाहेरचे. इथे मला जरा थांबून सांगावं लागेल.

गर्दीतला ख्रिस्ती समाज आपल्याला माहीत आहे. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळयेशूच्या यात्रेला लांबून लोक येतात, ट्रॅफिक वळवावं लागतं, आम्ही बातमी करतो. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तिथेही तेच. त्यात सगळ्या धर्मांची माणसं नवस बोलायला असतात आणि कुणालाच काही खटकत नाही. पण तोच फादर एकटा, मोटारसायकलवर, संध्याकाळी एखाद्या वस्तीत शिरला की लगेच मोबाइल वाजतात. "नवीन पाद्री फिरतोय, लक्ष ठेवा."

साधारण बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, म्हणजे दोन बाजू घ्याव्यात हे परीक्षेत लिहून पास झालेला. एका संध्याकाळी एकाचा फोन आला. अमुक वस्तीत पाद्रीच्या चकरा वाढल्यात, काहीतरी चाललंय. त्या दिवशी पानाला बातमी कमी होती. मी वस्तीत गेलो नाही. फादरांना फोन केला नाही. तीन परिच्छेद लिहिले. "नागरिकांत चर्चेला उधाण", "प्रशासनाने लक्ष घालावे अशी मागणी", आमची ही ठरलेली वाक्यं असतात, ती लावली की बातमीला पुरावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी दोन कॉलम छापून आली, आणि मला दोन जणांनी चहा पाजला.

पुढे काय झालं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्या बातमीचं कात्रण लावून कुणीतरी अर्ज दिला. फादरांना चौकशीला बोलावलं. चौकशी सभ्यपणे झाली, निघालं काहीच नाही, कारण काही नव्हतंच. ते ज्या घरांत जात होते ती त्यांच्याच धर्मग्रामाची होती, काही तर तीन पिढ्यांपासून. पण वरून त्यांना सल्ला मिळाला की काही महिने वस्तीवर जाणं टाळा, गेलात तरी एकटे जाऊ नका. त्या पावसाळ्यात वस्तीतले एक बाबा गेले. रेल्वेत गँगमन होते, निवृत्त झालेले. कॅथलिकांमध्ये आजारी माणसाच्या कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावून प्रार्थना करतात, आणि ते काम फादरच करू शकतो, दुसरं कुणी नाही. बाबांनी संध्याकाळपासून फादरांना बोलवा असा धोशा लावला होता. मुलगा रात्री गेला. फादर निघाले, पण एकटे जायचं नाही म्हणून सोबत दोघांना उठवायला गेले. एकाच्या घरी कडी वाजवून वाजवून उठले नाहीत, दुसऱ्याची गाडी सुरू होईना. पोचले तेव्हा बाबा गेलेले होते.

हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. ती मला दोष देण्यासाठी आली नव्हती, बातमी मी लिहिली होती हे तिला ठाऊकही नव्हतं. एका दाखल्यासाठी कुणाची ओळख आहे का विचारायला आली होती आणि बोलता बोलता बोलून गेली. मी तिला सांगितलं नाही. आज इथे लिहितोय. तिच्याकडे फेसबुक नाही.

त्यामुळे ज्यांना "लक्ष ठेवा"चे मेसेज फॉरवर्ड करायची हौस आहे त्यांना मी कायदा सांगतो, कारण त्यानंतर मी तो वाचला. राज्यघटनेचं २५ वं कलम धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ठीक. जबरदस्ती, फसवणूक, आमिष दाखवून कुणी धर्म बदलायला लावत असेल तर तक्रार करा, मी सोबत येईन. पण आपल्याच माणसाच्या घरी, आपल्याच आजाऱ्याला भेटायला जाणारा फादर यातल्या कशातच बसत नाही. आपले भटजी सत्यनारायणाला घरी येतात, कीर्तनकार मुक्कामाला असतात, मौलवी फातेहाला जातात. मग फादर घरी आल्यावरच पडदे का हलतात?

आणि ख्रिस्ती माणूस नाशिकला काही परवा आलेला नाही. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. ते शरणपूर एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनने वसवलं (हे कॅथलिक नव्हेत, तो वेगळा प्रवाह). आफ्रिकेतल्या गुलामगिरीतून सोडवलेली मुलं तिथे शिकली. त्यातला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेला. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक इथल्या जलालपूरच्या. हे सगळं आपल्याच गंगेच्या काठावरचं आहे.

वस्तीवरच्या घरांची एक अडचण आहे, तिच्यावर तोंड उघडून कुणी बोलत नाही. नगर-नाशिक पट्ट्यातला बराचसा ख्रिस्ती समाज एके काळच्या अस्पृश्य जातींतून आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्यांना नाही, आपल्या राज्यात त्यांना इतर मागास वर्गात धरतात. धर्म बदलला म्हणून गावाने वागवायची पद्धत बदलली का, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरतं सांगावं. पण त्यामुळे घराघरांत कागदांचा गुंता आहे, भीती आहे, आणि फादर दारात आला की आनंदाबरोबर शेजारी काय म्हणतील हीसुद्धा धाकधूक आहे. हा गुंता भाषणाने सुटत नाही. ज्याला सोडवायचा त्याला आधी त्या घरात बसून पाणी प्यावं लागतं.

चालत, घरात बसत काम केलेल्या फादरचं उदाहरण हवं असेल तर आपल्याच धर्मप्रांतात, शेजारच्या नगर जिल्ह्यात आहे. फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडहून आलेले जेज्वीट, म्हणजे येशूसंघाचे. जुने लोक त्यांना बाखरबाबा म्हणायचे. दुष्काळी गावांत हा माणूस शिवार तुडवत फिरला आणि त्याच्या लक्षात आलं की विहीर खोदून देऊन भागत नाही, डोंगरावरून वाहून जाणारं पाणीच अडवलं पाहिजे. त्यातून पाणलोटाचं काम उभं राहिलं, १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट सुरू केली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ते याच कामातलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे गावाने कबूल केल्याशिवाय काम सुरू होत नसे. आता विचार करा, परदेशी गोरा पाद्री गावाला म्हणतोय की तुमच्या शेळ्या डोंगरावर सोडू नका. कुणी ऐकलं असतं का? ऐकलं, कारण तो आधी त्यांच्या ओट्यावर बसलेला होता. २०२१ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची आठवण काढणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि बिगरख्रिस्ती किती, हे कुणी मोजलं नाही.

प्रत्येक फादर बाखरबाबा होणार नाही, तशी अपेक्षाही नको. पण भाषा तरी यावी. आमचे नवे फादर नाशिकचे नाहीत. मराठी बोलतात, पण पुस्तकातलं, "आपण आसनस्थ व्हावे" छापाचं. मागे उभ्या बायका गालात हसत होत्या. हसू द्या, वर्षभर त्यांच्याच घरी चहा प्याले की भाषा सुटेल. १५७९ साली गोव्यात उतरलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्वीट सासष्टीत लोकांमध्ये राहून इतकी मराठी शिकला की १६१६ मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, ओवीबद्ध. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून ओरड झाली होती. ज्यांनी त्यांचं मराठी वाचलं होतं त्यांना हा प्रश्नच पडला नव्हता. नव्या फादरांना माझी एक सूचना: इंग्रजी मिस्सेला आठची चांगली वेळ आणि मराठीला उरलेली, असं काही ठिकाणी असतं. तुमच्याकडे ते आहे का बघा. वस्तीतल्या माणसाला आपण दुय्यम आहोत हे वेळापत्रकावरूनच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

आणि धर्मग्रामातल्या लोकांनो, तुम्हालाही दोन शब्द. फादर बदलतात, तुम्ही राहता. मग मागच्या फादरांनी काय ठरवलं होतं, कब्रस्तानाच्या भिंतीचं काय झालं, कोणत्या मुलाची फी कोण भरत होतं, हे नव्या फादरांना सांगायचं कुणी? त्याच ५२९ च्या पुढे-मागे सगळं लिहून ठेवलंय: प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक बाबींची समिती असलीच पाहिजे, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांची रजिस्टरं नीट ठेवली पाहिजेत. मालमत्तेची यादी करून ती तपासून ताब्यात घेतली पाहिजे, असंही चर्चच्याच कायद्यात आहे. त्या समितीत मान डोलावणारी माणसं बसवू नका. फादर चुकत असतील तर तोंडावर सांगणारी एखादी बाई त्यात असू द्या, लिंबाखाली उभी राहणाऱ्यांपैकी. रजिस्टरांचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा जन्मतारखेचा पुरावा कुठेच मिळेना, शेवटी चर्चच्या जुन्या वहीत सापडला, बाप्तिस्म्याच्या नोंदीत, निळ्या शाईत. ज्या फादरांनी ते लिहिलं ते गाव सोडून गेले त्यालाही पन्नासाहून जास्त वर्षं झालीत.

रविवारी सगळे पांगल्यावर मी जरा रेंगाळलो. नवे फादर व्हरांड्यात उभे होते, गळ्यात अजून दोन शाली. मला वाटलं जाहिरातीचं विचारायला थांबलाय असं त्यांना वाटेल, म्हणून मीच आधी बोललो. वस्तीबद्दल सांगितलं. गँगमन बाबांबद्दल सांगितलं, आणि बातमी कुणाची होती तेही. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. शाली काढून खुर्चीवर ठेवल्या. खिशातून चिठ्ठ्या काढल्या, त्यातल्या एकीच्या पाठीमागे बाबांच्या सुनेचं नाव लिहून घेतलं आणि रस्ता कुठून आहे ते विचारलं. रेल्वे फाटकाच्या अलीकडून उजवीकडे, पुढे चिखल आहे, गाडी जात नाही, मी म्हटलं.

"चालत किती लागेल?"

"वीस मिनिटं."

शनिवारी चारला जायचं ठरलंय. मी रस्ता दाखवायला जातोय. सुनेलाही तेव्हाच सांगेन.